क्लाउडवरचा माल घरी आणण्याची कृती, आणि तो खरंच आला का हे तपासण्याची

सेवा बंद पडल्याच्या बातम्या लक्षात राहतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये, आपल्याकडचं कू जुलै २०२४मध्ये आणि स्काइप मे २०२५मध्ये गेलं. पण जास्त लोकांचं नुकसान होतं ते सेवा चालू असताना, नियम बदलल्यामुळे. गूगल फोटोजने १ जून २०२१पासून फुकट अमर्याद साठवण थांबवली आणि नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात केली. एक टीबी फुकट देणाऱ्या फ्लिकरने २०१९मध्ये फुकट खात्याची मर्यादा १००० फोटोंवर आणली. एव्हरनोटने डिसेंबर २०२३मध्ये फुकट खात्याला ५० टिपांची वेस घातली. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत मोजला जात नसे, तो २०२४मध्ये मोजला जाऊ लागला.

नुकसानाचा तिसरा प्रकार बातमीत येत नाही. सेवा ठणठणीत असते, फक्त तुमचं खातं कुलूपबंद होतं. चौथा म्हणजे कंपनीच्याच हातून माल, म्हणजे आपले फोटो, पत्रं, फाइली, हरवणं. मायस्पेसने सर्व्हर हलवताना लोकांनी कित्येक वर्षं चढवलेली गाणी गमावली, हे २०१९मध्ये उघड झालं. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड चुकीच्या मांडणीमुळे पुसलं गेलं. सावरायला मदत झाली ती दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची.

चारही प्रकारांवर उपाय एकच, आपल्या ताब्यातली प्रत. प्रत कशाला म्हणायचं? संगणकाचं वायफाय बंद करा, खात्यातून बाहेर पडा आणि फाइल उघडा. उघडली, वाचता आली, तारीख बरोबर दिसली, तर ती प्रत. ही परीक्षा फार थोड्या फाइली पास होतात, म्हणून कृती जरा तपशिलात दिली आहे. बहुतेकांचा माल गूगलकडे असतो, त्यामुळे नमुना गूगलचाच घेतला आहे.

आधी यादी, मग डिस्क

एका कागदावर किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने पाडा: सेवा, तिथे काय आहे, खातं कोणाच्या नावावर, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो, माल कोणत्या स्वरूपात बाहेर येतो, शेवटची प्रत कधी घेतली. पाचवा रकाना भरताना अडखळलात तर तीच सेवा धोक्याची. फोटो जेपीजीमध्ये, पत्रं एमबॉक्समध्ये, संपर्क व्हीकार्डमध्ये, कॅलेंडर आयसीएसमध्ये बाहेर पडत असेल तर ते दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामात उघडतं. 'फक्त आमच्याच अ‍ॅपमध्ये उघडेल' अशी फाइल मिळत असेल, तर त्या सेवेत नवं काही टाकणं आजच थांबवा.

डिस्क घेताना एकूण मालाच्या किमान अडीचपट जागा धरा. झिप फाइली आणि त्या उलगडून झालेले फोल्डर काही काळ एकत्र नांदतात. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी तर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुने पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२मध्ये असतात आणि त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. कॉपी सुरू होते आणि 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो. लोक ड्राइव्ह बिघडला समजून फेकून देतात.

नेटचाही हिशेब करा. २०० जीबी माल ५० एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तरी नऊ तास घेतो. मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा असेल तर याच कामाला चार महिन्यांहून जास्त लागतील, म्हणजे ते होणार नाही. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्या घरी डिस्क घेऊन जा.

गूगल टेकआउट

गूगलकडचा आपला माल उतरवून घ्यायची ही गूगलचीच सोय. टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता उघडा. आधी सगळ्यावरच्या खुणा काढून टाका. सगळं एकदम मागवलं की पन्नासेक सेवांचा गाळ येतो आणि हवं ते शोधणं अवघड होतं. पहिल्या फेरीत फक्त फोटो. दुसऱ्या फेरीत ड्राइव्ह. तिसरीत जीमेल, संपर्क आणि कॅलेंडर.

पुढच्या पानावर पोचवण्याची पद्धत विचारतात. 'ईमेलवर दुवा पाठवा' निवडा. 'ड्राइव्हमध्ये ठेवा' निवडलं तर ती भलीमोठी झिप तुमच्याच १५ जीबीत बसायचा प्रयत्न करते आणि काम अर्धवट राहतं. स्वरूप झिप ठेवा. भागाचा आकार १ ते ५० जीबीपर्यंत निवडता येतो. डिस्क एक्सफॅट आणि नेट भरवशाचं असेल तर १० जीबी ठीक. नेट तुटत असेल तर २ जीबी, म्हणजे एखादा भाग फसला तरी तेवढाच पुन्हा उतरवावा लागतो. पण प्रत्येक भाग मोजक्याच वेळा उतरवता येतो आणि दुवा साधारण आठवड्याभरात मरतो. म्हणून शुक्रवारी रात्री मागणी टाकावी आणि शनिवार-रविवारी उतरवावं. तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात.

'दर दोन महिन्यांनी, एक वर्ष' असाही पर्याय असतो. तो फसवा आहे. गूगल झिप तयार करून दुवा पाठवतं, उतरवायची तुम्हालाच. मेल न उघडता आठवडा गेला की ती खेप वाया. वर्षभराने वेळापत्रकही संपतं आणि ते पुन्हा लावायचं असतं, हे लक्षात राहत नाही.

माल उतरला की आधी भाग मोजा. ३७ भाग होते तर ३७ हवेत. मग ते *एकाच* फोल्डरमध्ये उलगडा. ही पायरी चुकते आणि पुढचं सगळं बिघडतं, कारण एखादा फोटो बाराव्या झिपमध्ये आणि त्याची माहिती तेराव्यात असं सर्रास होतं. विंडोजवर हे फोल्डर थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी, एकदोन अक्षरी नावाने करा. डेस्कटॉपवर खोल फोल्डरमध्ये उलगडलं तर पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि काही फाइली गळतात. उलगडायला सेव्हन-झिप वापरा. शेवटी चुकांची यादी दिसते, ती वाचा.

देवनागरीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. लिनक्सवर, आणि त्यामुळे बऱ्याच घरगुती साठवण-यंत्रांवर, फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची झाली. 'आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमाचे सर्व फोटो आणि भाषणे अंतिम दुरुस्त प्रत' हे नाव तिथे जवळजवळ भरलं. नावं आखूड ठेवा, तपशील आतल्या मजकूर-फाइलमध्ये लिहा.

फोटोंच्या तारखा

इथे थोडं थांबायला हवं, कारण टेकआउट घेऊन 'सगळे फोटो आजच्या तारखेचे झाले' म्हणून हताश होणारे पुष्कळ. खरं काय होतं ते असं. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, वेळ, कधी ठिकाण. ती शाबूत असते. फाइल-यादीत दिसणारी 'बदलल्याची तारीख' मात्र उलगडण्याच्या दिवसाची असू शकते. विंडोजमध्ये 'डेट टेकन' हा रकाना लावून क्रम लावा, अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच मिटतो.

उरतात ते एक्झिफ नसलेले फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रांतली ही माहिती वाटेतच काढून टाकलेली असते. त्यांची तारीख फाइलच्या नावात मिळते: आयएमजीनंतरचे आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तुम्ही गूगल फोटोजमध्ये जाऊन '१९७८' अशी तारीख दिली असेल, तर ती फोटोच्या आत जात नाही. ती शेजारच्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे फोटोसोबत येणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये, येते. तसंच तुम्ही लिहिलेल्या ओळी आणि हाताने लावलेलं ठिकाण. या जेसन फाइली कचरा समजून पुसू नका.

जेसनमधली तारीख फोटोत भरायला एक्झिफटूल हा फुकट प्रोग्राम आहे. चालवण्याआधी फोल्डरची दुसरी प्रत करा आणि आधी वीस फोटोंवर करून पाहा. तीन ठिकाणी जोडी चुकते. लांब नावाच्या फोटोचं जेसन-नाव मध्येच तोडलेलं असतं. एकाच नावाचे दोन फोटो असतील तर कंसातला आकडा फोटोच्या नावात एका जागी आणि जेसनच्या नावात दुसऱ्या जागी येतो. आणि तुम्ही कातरलेल्या किंवा उजळलेल्या फोटोला 'एडिटेड' असं शेपूट असतं, पण त्याला स्वतःचं जेसन नसतं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात, नाहीतर पहाटेच्या लग्नमुहूर्ताचे फोटो आदल्या रात्री जाऊन बसतात.

अल्बममध्ये असलेला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो, म्हणून मोजणी जास्त भरते. दुहेरी फोटो काढायची घाई करू नका. जागा स्वस्त आहे, पुसलेला मूळ फोटो नाही.

डॉक्स, शीट्स आणि पत्रं

संगणकावरच्या गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये डॉक्स-शीट्सच्या फाइली दिसतात. त्यांचा आकार पाहा. एखाद-दोन केबी असेल तर तो नुसता दुवा आहे, मजकूर नाही. तो पेनड्राइव्हवर कॉपी करून निश्चिंत झालेल्यांकडे प्रत्यक्षात काहीच नसतं. टेकआउट किंवा 'डाउनलोड' वापरलं की डॉक्सचं वर्डमध्ये आणि शीट्सचं एक्सेलमध्ये रूपांतर होतं, आणि मगच मजकूर हाती येतो. सोबत पीडीएफही ठेवा. डॉक्समध्ये वापरलेला मराठी फॉन्ट संगणकावर नसेल तर दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, आणि पानांचे आकडे घातलेली अनुक्रमणिका खोटी पडते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. फॉन्ट गेला की तिथे फक्त इंग्रजी अक्षरांचा काला उरतो.

शीटमध्ये दुसऱ्या शीटमधून आकडे ओढणारी सूत्रं असतील तर एक्सेलमध्ये शेवटचा आकडा दिसतो, पुढे बदलत नाही. जुन्या आवृत्त्यांचा इतिहासही या वर्ड-एक्सेल फाइलींत येत नाही. हिशेबाच्या शीटची वर्षअखेरची प्रत म्हणून दर ३१ मार्चला वेगळी काढावी.

दुसऱ्याने तुम्हाला दाखवलेल्या फाइली तुमच्या टेकआउटमध्ये येतील असं धरून चालू नका. त्या मालकाच्या असतात. त्याने पुसल्या की तुमच्याकडूनही जातात. महत्त्वाच्या फाइलीची 'मेक अ कॉपी' करून आपल्या नावावर घ्या.

जीमेल एमबॉक्समध्ये येतं, सगळी पत्रं एका मोठ्या फाइलमध्ये. ती नोटपॅडने उघडायला जाऊ नका. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम बसवा, एमबॉक्स आत घ्या, आणि संलग्न फाइलसह एखादं दहा वर्षांपूर्वीचं पत्र उघडून पाहा.

सिंक हा बॅकअप नाही

फोनवरून फोटो पुसला की क्लाउडवरूनही जातो आणि मग दुसऱ्या उपकरणांवरूनही. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं, आणि चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या पेटीत ६० दिवस, आयक्लाउडच्या पेटीत ३० दिवस. त्यापुढे हाक मारायला कोणी नाही. आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये फोटोची बारकी आवृत्ती असते, मूळ आयक्लाउडवर. केबल लावून फोनमधून फोटो ओढण्याआधी हे पाहा. आयक्लाउडचा माल प्रायव्हसी डॉट अ‍ॅपल डॉट कॉमवरून मागवता येतो; तयार व्हायला सात दिवसांपर्यंत लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं दोनच ओळींत. 'चॅट एक्सपोर्ट' माध्यमांसह केलं तर शेवटचे १०,००० संदेश येतात, माध्यमांशिवाय ४०,०००; मोठ्या कौटुंबिक गटाचा जुना भाग त्यात नसतोच. अँड्रॉइडवर मीडिया फोल्डर केबलने थेट कॉपी करा. बॅकअपला ६४ अंकी चावी किंवा पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहा. हरवला तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही.

खात्याचं दार

माल शाबूत आणि किल्ली हरवलेली, हा प्रकार परदेशातल्या मराठी घरांत विशेष. भारतातलं प्रीपेड सिम महिनोन् महिने न वापरता बंद पडतं, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो. देश बदलताना प्रत्येक सेवेतला नंबर बदला. यादीचा चौथा रकाना याचसाठी आहे. गूगल खात्यातून दहा बॅकअप कोड छापून घ्या. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं पुसण्याचा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे. वडिलांचं जुनं खातं नुसतं 'असू दे' म्हणून ठेवलं असेल तर अधूनमधून उघडा. 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत आणि दहापर्यंत माणसं नेमता येतात. मुदत उलटली की ठरवलेला माल त्यांना मिळतो.

'गूगलने साइन इन करा' हे बटण जिथे जिथे दाबलं आहे तिथे गूगल खातं गेलं की तेही दार बंद. बँक, विमा, विजेचं बिल, मुलांची शाळा या ठिकाणी ईमेल आणि वेगळा पासवर्ड ठेवा. व्यवसाय असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेल-पत्त्यात @ नंतर येणारं आपलं नाव, घ्या. ईमेल कंपनी बदलायची वेळ आली तरी पत्ता तोच राहतो, फक्त डीएनएसमधल्या (डोमेनच्या पत्तेवहीतल्या) एमएक्स नोंदी, म्हणजे टपाल कुठे पोचवायचं ते सांगणाऱ्या नोंदी, बदलतात. बदलण्याच्या आदल्या दिवशी त्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतरांनी जुनी नोंद धरून ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे टपाल जुन्या पेटीत फार वेळ पडत राहणार नाही. डोमेनचं नूतनीकरण मात्र तारखेवर करा, आणि डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन संपलं की सूचना जिथे यायची तीच पेटी बंद असते.

सोसायटी, मंडळ, वाचनालय

सोसायटीची सभासद-यादी, देखभालीचे हिशेब, मंडळाचे कार्यक्रमाचे फोटो बहुधा कोणा उत्साही चिटणिसांच्या खासगी जीमेलवर असतात. ड्राइव्हमधल्या फाइलीच्या सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचं खातं पुसलं की फाइल सगळ्यांकडून जाते, मग ती पन्नास जणांना दाखवलेली का असेना. संस्थेच्या नावाचं वेगळं खातं काढा, ओटीपीचा नंबर संस्थेचा ठेवा, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्ड, नंबर, बॅकअप कोड यांची देवघेव इतिवृत्तात नोंदवा. मालकी बदलताना खासगी खात्यात समोरच्याला ती 'स्वीकारावी' लागते. नुसती विनंती पाठवून काम झालं असं समजू नका.

महाविद्यालयाने दिलेल्या खात्यावर प्रबंध ठेवणाऱ्यांसाठी: गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण काढून संस्थेमागे १०० टीबीची सामाईक मर्यादा आणली आहे, त्यामुळे संस्था जुनी खाती बंद करतात. टेकआउटमध्ये 'ट्रान्स्फर' हा भाग चालू ठेवलेला असेल तर ड्राइव्ह आणि जीमेल थेट खासगी खात्यात उतरतात. आठवडाभर लागू शकतो, म्हणून निकालाच्या आधीच करा.

ठेवायचं कुठे

दोन डिस्का, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची असेल तर आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा (चिपवर माल ठेवणाऱ्या डिस्कपेक्षा) बरी. वीज न मिळता फार काळ राहिलेल्या एसएसडीतला माल झिजतो. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कुलूपबंद करायची असेल तर चावी छापून ठेवा. विंडोजचं बिटलॉकर ही चावी मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवायला सुचवतं, म्हणजे क्लाउड गेल्यावर उपयोगी पडणारी डिस्क उघडायला पुन्हा क्लाउडच लागणार.

सहा महिन्यांनी डिस्क लावून वायफाय बंद करा आणि पाच गोष्टी उघडा: सर्वांत जुना फोटो, एक लांब व्हिडिओ शेवटपर्यंत, एक मराठी दस्तऐवज, एक पत्र संलग्न फाइलसह, संपर्कांची फाइल. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचा कारण अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला नीट चालते.

बंद होण्याची सूचना आली तर

मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नका. अशा दिवसांत खोट्या सूचनांचं पीक येतं. सेवेचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि सूचना तिथे दिसते का पाहा. मुदत कशाची हे वेगळं वाचा: नवं टाकण्याची, वाचण्याची, की उतरवण्याची. लेखांचे दुवे साठवणाऱ्या पॉकेटने २२ मे २०२५ला जाहीर करून ८ जुलैला सेवा बंद केली, पण साठवलेले दुवे बाहेर काढायला त्यानंतरही काही काळ दिला होता. उलट निर्वानिक्स या क्लाउड कंपनीने २०१३मध्ये ग्राहकांना जेमतेम दोन आठवडे दिले, आणि तिथे मोठ्या कंपन्यांचे ढीगभर टीबी होते.

पहिल्याच दिवशी एक्सपोर्टची मागणी टाका. शेवटच्या आठवड्यात सर्व्हरवर गर्दी होते आणि झिप अर्धवट येतात. आधी तुम्ही स्वतः तयार केलेला, दुसरीकडे कुठेही नसलेला माल. मग वर्गवारी आणि टिपा. इतरांचे लेख-दुवे शेवटी. वायफाय बंद करून पाच फाइली उघडा. मगच खातं पुसा. आणि पैसे भरत असाल तर यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपे आणि कार्डावरचा ई-मँडेट स्वतः रद्द करा.